शेवटचं दीड मिनिट

रॉयस्टन हिंचलिफचे वडील वीज मंडळात मीटर वाचायचे. म्हणून डीजे झाल्यावर त्याने थट्टेने 'मीटरमन' असं नाव घेतलं. वडिलांना वाटलं, पोरगा आपला मान राखतोय. तो गैरसमज कुणी दूर केला नाही आणि म्हातारा समाधानाने गेला.

मी त्याचा मित्र, नायजेल आर्मिटेज. हडर्सफील्डच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. तरुणपणी मी रॉयस्टनच्या रेकॉर्डच्या पेट्या उचलायचो. एका पेटीचं वजन सव्वीस किलो, आणि माझ्या कमरेचे जे दोन मणके सरकलेत ते ब्रिटिश नृत्यसंगीताला माझं एकमेव योगदान. आता रॉयस्टनही आमच्याच कॉलेजात आठवड्यातून तीन दिवस ध्वनिमुद्रण शिकवतो. मुलं त्याला सर म्हणत नाहीत, पण घाबरतात, कारण तो पहिल्या तासाला दार लावून घेतो आणि सांगतो, "रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की नाही ते आधी बघायचं. बाकीचं सगळं नंतर."

मार्चमधल्या एका मंगळवारी तो स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसला, सँडविचचा कागद उलगडला, परत गुंडाळला आणि म्हणाला, "व्हेरोनाचा फोन आला होता."

एकोणतीस वर्षांत त्याने हे नाव माझ्यासमोर घेतलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आमच्या यॉर्कशरमध्ये याला जिवलग मैत्री म्हणतात.

व्हेरोनाची आई, चर्चमध्ये सगळे जिला सिस्टर पिनॉक म्हणायचे ती, फेब्रुवारीत वारली होती. आईचं इथलंच, बर्कबीतलं घर रिकामं करायला व्हेरोना लेस्टरहून आली होती. टेलिफोनच्या जुन्या वहीत तिला रॉयस्टनचा नंबर सापडला. रॉयस्टन अजून आईच्याच घरात राहतो आणि नंबर बदलण्याएवढा उत्साह त्याला कधी आला नाही, त्यामुळे फोन लागला. तिने एवढंच विचारलं की तिने गायलेलं ते गाणं अजून आहे का. तिने ते आजवर ऐकलंच नव्हतं. शनिवारी चार वाजता ती येणार होती, आणि पाचला तिचा नवरा कार्लटन तिला न्यायला येणार होता.

"मग ऐकव की," मी म्हणालो.

"रेकॉर्ड आहे," तो म्हणाला. "तिचा आवाज राहिलाय का ते माहीत नाही."

हे वाक्य वेड्यासारखं वाटेल, पण नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९९४ साली व्हेरोना पिनॉक वीस वर्षांची होती आणि बर्कबीच्या चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत उभी राहून गायची. पहिल्या रांगेत चांगल्या टोप्या असलेल्या बायका, दुसरीत चांगले आवाज असलेल्या. चर्चचा स्पीकर खरखरायला लागला म्हणून कुणीतरी रॉयस्टनला बोलावलं. तो दुरुस्त करून आला आणि माझ्याशी दिवसभर बोलला नाही. पुढच्या तीन आठवड्यांत स्पीकर आणखी तीनदा बिघडला. चौथ्या वेळी सिस्टर पिनॉक दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तू येऊन गेलास की हा बिघडतो. तू यायचा थांबलास तर बरा होईल असं मला वाटतं."

पण तोवर त्याने व्हेरोनाला विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. म्हणजे, गाण्याला. दुसरं काही विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. किंवा सुचलं होतं, पण त्यासाठी कुठलं बटण दाबायचं ते माहीत नव्हतं.

त्या काळात घरच्या घरी रेकॉर्ड करणं म्हणजे स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर आगगाडी चालवण्यासारखं होतं. रॉयस्टनच्या मशीनमध्ये मोजक्या सेकंदांचा आवाज मावायचा, त्यात ढोल भरून टाकलेले. गाणारीचा आवाज वेगळा साठवायला जागाच नाही. त्यामुळे सगळं एका दमात करायचं: इकडे ढोल आणि बास, म्हणजे खालचा घुमणारा सूर, चालू, तिकडे ती गाणार, आणि सगळं मिळून सरळ टेपवर. ती गाणार होती जिन्याखालच्या कपाटात. कोटांमुळे तिथे आवाज घुमत नसे. कपाटाचं दार करकरायचं, म्हणून रॉयस्टनने तिला बजावलं होतं की तुझं गाणं संपलं तरी हलायचं नाही, ढोल पूर्ण थांबेपर्यंत आतच उभं राहायचं.

शेवटचे ढोल दीड मिनिटाचे. प्रत्येक नाचाच्या गाण्याला अशी शेपटी असते. ती ऐकण्यासाठी नसतेच. डीजेला पुढची रेकॉर्ड तिच्यावर आणून बसवायला वेळ हवा, म्हणून ठेवलेली असते.

तो शनिवार होता. मी दुपारी दुकानातून पाव आणि दूध घेऊन त्याच्या घरी पोचलो तेव्हा घरभर ढोल घुमत होते आणि रॉयस्टन स्वयंपाकघरात होता. शेपटी चालू झाली होती, तिथे त्याच्या हातांना काम नव्हतं, म्हणून तो चहाला लागला होता. त्याने दोन कप काढले होते. ढोल थांबले, कपाट करकरलं, व्हेरोना बाहेर आली. केसांवर कोटाचं लोकरीचं तूस होतं आणि अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. ती आमच्याकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग तिने घड्याळ पाहिलं, साडेपाचची बस आहे म्हणाली, आणि गेली. रॉयस्टन दारापर्यंत गेला. "छान झालं," म्हणाला. यॉर्कशरमध्ये हे वाक्य लग्नाला, मयताला आणि पायाभरणीला एकच असतं.

त्यानंतर आम्ही बसने लंडनला गेलो, रेकॉर्ड कापून आणायला. कापून म्हणजे खरोखर कापून: अॅल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेचा थर असतो, त्यावर सुई चर खोदत जाते. अशी एकच प्रत निघते. नवीन गाणं आधी लोकांत वाजवून बघायचं, चाललं तर मग कारखान्यात हजार छापायच्या, अशी पद्धत. लाख मऊ असते. कापणारे गृहस्थ, लेन नावाचे, खाकी डगल्यातले, प्रत्येकाला तेच सांगायचे: पन्नासेक वेळा वाजेल, वरचे सूर आधी जातील, बास सगळ्यात शेवटी, आणि नंतर तिच्यावर अंडं तळायचं.

लेन कानाला हेडफोन लावून पूर्ण गाणं ऐकत होते. शेवटाला त्यांनी भुवया वर केल्या. "शेपटीत ढोलांच्या मागे कुणीतरी पुटपुटतंय. काढून टाकू?"

रॉयस्टनला परतीची बस गाठायची होती. "राहू द्या," तो म्हणाला. "शेपटी कोण ऐकतंय."

आणि पुढच्या आठवड्यात त्याने त्याच टेपवर दुसरं गाणं भरलं. हे ऐकून आज मुलं तोंडात बोटं घालतात. पण आम्ही सगळे तेच करायचो. टेप ही गोणी होती, रेकॉर्ड हे धान्य. गोणी कोण जपून ठेवतं?

लोकरीच्या एका जुन्या गोदामात रविवारी दुपारी दोनपासून नाच असे. रॉयस्टनने ती रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा पाच वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. सुरुवातीला व्हेरोना एकटी गात होती. ढोल नाहीत, काही नाही, फक्त ती. चार ओळी. हजारभर घामेजलेली माणसं होती तिथेच थांबली. मग बास पडला. तो पडल्याबरोबर लोक भिंतींवर तळवे बडवायला लागले. याचा अर्थ आमच्याकडे एकच: मागे घे. पुन्हा पहिल्यापासून. गाणं फार आवडलं तर ते पुढे जाऊ द्यायचं नाही, हा रिवाज आहे. रिवाइंड. डीजे तबकडी हाताने उलटी फिरवतो आणि पुन्हा सुरू करतो. त्या दिवशी रॉयस्टनने चार वेळा मागे घेतलं. मग बास जरा चालला, आणि मधेच त्याने पुढची रेकॉर्ड आणली.

असं वसंतभर आणि उन्हाळाभर चाललं. प्रत्येक रविवारी पाच वाजता. पाचच का, हे मला नंतर कळलं. चर्चची दुपारची उपासना साडेचारला सुटायची. चर्चपासून गोदाम चालत वीस मिनिटं. तो वाजवायचा आणि दाराकडे बघायचा. व्हेरोनाला त्याने निरोप पाठवला होता, तोही माझ्याकरवी, तोही "तुझं गाणं चाललंय म्हणावं" एवढाच. तिनेही माझ्याकरवीच सांगितलं होतं, की रविवारी आई सोडत नाही, बघते.

लोक भिंती बडवायचे, तो चार ओळी परत वाजवायचा. जून आला तेव्हा मला त्या ओळी पावसात उभ्या असलेल्या बाईसारख्या ऐकू यायला लागल्या. जुलैमध्ये शब्द लागेनासे झाले. मी त्याला म्हणालो, लेका, जपून, ती झिजतेय. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी येईल बहुतेक."

सप्टेंबरमध्ये व्हेरोना परिचारिकेच्या शिक्षणासाठी लेस्टरला गेली. रॉयस्टनने रेकॉर्ड आईच्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि पुन्हा लावली नाही.

मग त्याचं नशीब उघडलं, ते अशा माणसांचं जसं उघडतं तसं. कपडे धुण्याच्या मशीनच्या आवाजावर त्याने एक गाणं बनवलं. ते देशातल्या खपाच्या यादीत अडतिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि आठवडाभरात उतरलं, पण तेवढ्यावर त्याने बारा वर्षं काढली. स्पेनच्या बेटांवर, इटलीत, एकदा ब्रातिस्लाव्हात बर्फाच्या मैदानावर. त्याच्याबद्दल एका मासिकाने लिहिलं की मीटरमनच्या संगीतात एक रिकामी जागा आहे. रॉयस्टनने मला विचारलं, ही स्तुती आहे का. मी म्हणालो, मासिकात आहे म्हणजे असेल. सगळीकडे अभ्र्यातली तबकडी त्याच्या पेटीत असायची. वजन मीच उचलत होतो, म्हणून मला माहीत. पुढे मीटरमनला बोलावणारे म्हातारे झाले, त्यांच्या मुलांना दुसरे डीजे आवडले, आणि तो घरी आला.

शनिवारी मी तीनलाच त्याच्याकडे गेलो. त्याने दाढी केली होती आणि दोन जागी कापून घेतलं होतं. रेकॉर्ड प्लेअरची वायर संगणकाला जोडून ठेवली होती, म्हणजे वाजता वाजता कायमची साठवून घेता येईल. लाल बटणाची जबाबदारी माझ्याकडे दिली. मग त्याने मला विचारलं, सुई मोडली असं सांगितलं तर चालेल का. मी म्हणालो, तुझ्या घरात सुया सतरा आहेत. मग म्हणाला, वीज गेली असं सांगू. मी म्हणालो, तुझे वडील थडग्यातून उठून येतील.

"नायजेल," तो म्हणाला, "ती आवाज ऐकायला येतेय. आणि तो मीच पुसलाय."

मी खिशातला रुमाल त्याच्या कापलेल्या हनुवटीसाठी पुढे केला.

व्हेरोना चारला पाच कमी असताना आली. पन्नाशीची, वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईची सवय अंगात भिनलेली. दारातून आत येताना तिने रॉयस्टनचा रंग, माझी कंबर आणि भिंतीवरची ओल, तिन्ही एका नजरेत तपासलं. "हिंचलिफ, तू काही खातोस की नाही?" आणि माझ्याकडे वळून, "तू मात्र खातोस." आईच्या घरातून आणलेली गोड पावाची जाड वडी तिने टेबलावर ठेवली. फ्रीजरमध्ये तळलेले मासे निघालेत, येशूच्या दुसऱ्या येण्यापर्यंत पुरतील, असं ती म्हणाली. मग तिची नजर जिन्याखाली गेली. तिने जाऊन कपाट उघडलं. ते अजून करकरत होतं.

"तेच कोट," ती म्हणाली.

"आईचे," रॉयस्टन म्हणाला. "टाकायचे राहिलेत."

आईच्या घरच्या सामानाचं बोलता बोलता साडेचार वाजून गेले, तेव्हा ती बसली. त्याने अभ्रा सोडला, तबकडी काढली, उजेडात तिरकी धरली. काठाकडचे चर राखेसारखे झाले होते. त्याने सुई ठेवली.

आधी खरखर. मग खरखरीत काहीतरी हललं. भिंतीपलीकडे कुणी शिंप्याच्या मशीनवर कापड सरकवावं तसं. त्या चार ओळी होत्या. सूर कुठे चढतो ते खरखरीच्या उंचीवरून ओळखू येत होतं, एवढंच. मग बास पडला, ठणठणीत, खिडकीची काच हलवणारा. त्याला काही झालं नव्हतं. रॉयस्टन तिच्याकडे बघत होता, मी रॉयस्टनकडे बघत होतो. व्हेरोना मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती, एखाद्या रोग्याचा श्वास मोजावा तशी.

"हा आवाज माझा?" तिने विचारलं.

"होता," तो म्हणाला. "मी फार वेळा लावली. सुरुवातच. लोक पुढे जाऊ द्यायचे नाहीत."

"लोक," ती म्हणाली.

"आणि मी," तो म्हणाला.

तिने पर्सचा पट्टा हातात घेतला. मला वाटलं, आता उठेल. पण पाचला वेळ होता आणि ती भल्या घरची होती, म्हणून ती बसून राहिली, आणि कुणीच सुई उचलली नाही. एरवी या जागी रॉयस्टनचा हात आपोआप पुढच्या रेकॉर्डकडे गेला असता. पुढची रेकॉर्ड नव्हती. गाण्याचा मधला भाग बराच स्वच्छ निघाला. तिथे ती गात नव्हती. मग फक्त ढोल उरले. शेपटी सुरू झाली. एकोणतीस वर्षांत ज्या चरांवर सुई एकदाही गेली नव्हती ते चर, लेनने कापले तसेच, कोरे.

ढोलांच्या मागे एका मुलीने घसा साफ केला.

तो आवाज इतका जवळून आला की मी कपाटाकडे पाहिलं. आधी कोटांची सळसळ. मग ती स्वतःशीच, अगदी हळू, बर्कबीच्या त्या वळणाने बोलली: "प्रभू, फार काही मागत नाही. बाहेर गेल्यावर त्याने चहाला थांब म्हणावं, एवढंच. साडेपाचची बस मी सोडते. आईला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तू फक्त त्याच्या तोंडून चहाचं काढ." ढोल वाजत होते. थोड्या वेळाने, "आणि नाही काढलंस तर तुझी इच्छा. आमेन." मग तिने नाक ओढलं, आणि ढोल थांबले.

सुई आतल्या चरात जाऊन टक, टक करत राहिली.

रॉयस्टनचा हात तबकडीकडे गेला. सवय. आवडलं की मागे घ्यायचं. व्हेरोनाने त्याचं मनगट धरलं.

"नको," ती म्हणाली. "प्रार्थना आहे ती. तिला रिवाइंड करत नाहीत."

त्याने हात तसाच ठेवला. तिनेही काढून घेतला नाही.

"मला वाटलं माइक बंद आहे," ती म्हणाली.

"मी चहा करत होतो," रॉयस्टन म्हणाला. त्याचा आवाज पहिल्या चार ओळींसारखा झाला होता. "तेव्हाच. दोन कप."

"बघितले ना मी. बाहेर आले तर दोन कप, तुम्हा दोघांच्या हातात. म्हटलं, झालं. प्रभूचं उत्तर आलं." ती माझ्याकडे वळली. "दुसरा तूच प्यायलास ना?"

मी हो म्हणालो. काय सांगणार? मी पाव-दूध घेऊन आत आलो, कप समोर होता, बाहेर थंडी होती. रॉयस्टन तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात मी कप उचलला. दोन चमचे साखर होती त्यात. रॉयस्टन साखर घेत नाही, मीही घेत नाही. मला तेव्हाच विचारता आलं असतं की हा कुणासाठी. मी विचारलं नाही, प्यायलो.

"दोन चमचे," व्हेरोना म्हणाली. "तेव्हा मी दोनच घ्यायचे."

रॉयस्टन उठला आणि स्वयंपाकघरात गेला. किटलीत पाणी पडल्याचा आवाज आला. आम्ही दोघं बसून राहिलो. तिने ओल आलेल्या भिंतीकडे बघत मला सांगितलं की कार्लटन चांगला माणूस आहे, टेबलटेनिस शिकवतो, मुलगी दंतवैद्य झाली. मी म्हणालो, छान झालं.

त्याने दोनच कप आणले. दारात कार्लटनचा हॉर्न वाजला, एकदाच, लेस्टरकरांसारखा सभ्य. व्हेरोनाने कप घेतला आणि परत खुर्चीत टेकली. चहा खूप गरम होता. तिने फुंकर घातली नाही, बशीत ओतला नाही, घाई केली नाही. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. ती तळापर्यंत प्यायली, कप टेबलावर ठेवला आणि कोट चढवला.

"आता मी साखर सोडलीय," दारात ती म्हणाली. "पण चांगला होता."

ती गेल्यावर मी संगणकाकडे पाहिलं. लाल दिवा लागलेला नव्हता. मी बटण दाबलंच नव्हतं. मी हे रॉयस्टनला सांगितलं, तेव्हा तो तबकडी अभ्र्यात घालत होता. त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. एकदा परत लावून साठवून घेऊ, शेपटी एका वेळेने झिजत नाही, असं मी म्हणालो. त्याने अभ्र्याला गाठ मारली.

ती गाठ अजून तशीच आहे. दर शनिवारी चारला मी त्याच्याकडे जातो, म्हणून मला माहीत. सव्वापाचच्या सुमारास तो स्वयंपाकघरात जातो आणि दोन कप करून आणतो, एकात दोन चमचे साखर. मी चहा घरूनच पिऊन जातो.